२९ कसे आले ते आधी विचारा

दिवाळी संपली की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूरच बदलतो. तोपर्यंत मोबाईल, डबा, भावंडांची मारामारी असलं सगळं असतं आणि एकदा का शाळेत फॉर्म भरायला सुरुवात झाली की मग शिष्यवृत्ती परीक्षा, नवोदय (केंद्र सरकारच्या निवासी शाळांची प्रवेश परीक्षा), एनएमएमएस (आठवीतल्या मुलांसाठीची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती), दुसरं काही नाहीच. म्हणून यावेळचं सदर सगळं त्यालाच दिलंय. मी ३१ वर्षं प्राथमिक शाळेत होते, सकाळी साडेसातचे जादा तास घेऊन घेऊन नाशिकची थंडी अंगात मुरलीये, त्यामुळे काही ठिकाणी आवाज चढला तर समजून घ्या.

प्रश्न : मुलगा पाचवीत आहे, मराठी मीडियम. शिष्यवृत्तीसाठी जूनपासून क्लास लावलाय, शिवाय घरी सराव प्रश्नपत्रिकांचा संच आणलाय, आठवड्याला ३ पेपर सोडवून घेते. पण ३०० पैकी १७०-१८० च्या पुढे गाडी जातच नाही. मी रोज रात्री पेपर तपासते, चुकलेलं लाल पेनने बरोबर करून देते. त्याचे बाबा म्हणतात बुद्धिमत्तेचा वेगळा क्लास लाव. आता तर पेपर काढला की तो रडायलाच लागतो. काय करू? (एक आई, सिडको)

उत्तर : ताई, दुसरा क्लास लावू नका. आणि आठवड्याला ३ पेपर पण बंद करा, एक पुरे. आणि ते लाल पेन आधी ड्रॉवरमध्ये टाका, कारण मला वाटतं खरी अडचण तिथेच आहे.

एक गोष्ट सांगते. मागच्या वर्षी शेजारची मुलगी माझ्याकडे बसायला यायची. तिच्या पेपरात प्रश्न होता, मीना रांगेत डावीकडून १२वी आणि उजवीकडून १७वी, तर रांगेत एकूण मुली किती. तिने २९ केले होते. आईने मागची उत्तरसूची बघून २८ लिहिलं आणि वर सांगितलं की "अगं रांगेच्या गणितात वजा १ करायचं असतं". झालं, पोरीने पाठ केलं. पुढच्या पेपरात आलं की रमेश डावीकडून १२वा, सुरेश उजवीकडून १७वा, रमेश सुरेशच्या डावीकडे आहे आणि दोघांच्या मध्ये ५ मुलं आहेत, तर एकूण किती. सरळ बेरीज, ३४. हिने बेरीज बरोबर केली आणि मग इमानदारीत वजा १ करून उत्तरपत्रिकेत ३३ चा गोळा रंगवला. मी विचारलं वजा का केलंस, तर म्हणे "रांग आहे ना, मग करायचंच असतं".

मी काही समजावलं नाही. डब्यातून शेंगदाणे काढले, ६ दाणे ताटात ओळीने लावले आणि तिसऱ्या दाण्यावर बोट ठेवून म्हटलं हा डावीकडून कितवा, उजवीकडून कितवा. ३रा, ४था. बेरीज कर. ७. दाणे किती? ६. मग एक कुठे गेला? ती जरा वेळ बघत बसली आणि मग तो तिसरा दाणाच उचलून म्हणाली, "हा दोनदा मोजला." आणि खाऊन टाकला. त्यानंतर रमेश-सुरेशचं गणित तिने स्वतःच खोडून नीट केलं, तिथे दोनदा कोणीच मोजलं जात नाही हे तिला दिसलं ना.

म्हणजे बघा, २८ हे बरोबर उत्तर सांगून काही उपयोग झाला नव्हता, उलट एक नवीन चूक तयार झाली. मुलाचं उत्तर चुकलं की त्याच्या डोक्यात ते २९ कसे आले हे त्याच्याच तोंडून ऐकायचं, "कसं केलंस रे, मला सांग" एवढंच विचारायचं, आणि आवाज वर न चढवता (मला माहितीये हे किती अवघड आहे, माझ्या स्वतःच्या मुलाच्या वेळी मला पण जमलं नव्हतं). निम्म्या वेळा तर सांगता सांगताच तो म्हणेल, अरे हो.

असं ऐकायला लागलात की तुम्हाला कळेल की चुकलेल्या प्रश्नांतले येतच नाहीत असे थोडेच असतात. काही ठिकाणी "खालीलपैकी कोणता नाही" मधलं "नाही" वाचलेलंच नसतं, काही ठिकाणी गुणाकार बरोबर आणि हातचा गेलेला, काही ठिकाणी मीटरमध्ये विचारलंय आणि सेंटिमीटरचा पर्याय पण दिलेला असतो तिथे पटकन गोळा. आणि शेवटचे १०-१२ तर नुसते वेळ संपला म्हणून ठोकलेले. या सगळ्यांना एकच औषध नाही ना, मग नवीन क्लासवाले सर येऊन काय वेगळं करणार, ते परत पहिल्यापासून घटक शिकवणार.

वेळेचा हिशोब एकदा त्याला कागदावर मांडू द्या. एका पेपरला ७५ प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. पेपर १ मध्ये भाषेचे २५ आणि गणिताचे ५०, पेपर २ मध्ये इंग्रजीचे २५ आणि बुद्धिमत्तेचे ५०, प्रत्येक प्रश्नाला २ मार्क. आता मुलं काय करतात, पेपर १ ला भाषेपासून सुरू करतात, उतारा दोनदा वाचतात, कविता दोनदा वाचतात आणि २५ प्रश्नांना ४० मिनिटं घालवून बसतात आणि मग गणितात पळापळ, जिथे १०० मार्क आहेत. त्याला सांगा पहिल्या फेरीत जे बघताक्षणी येतंय ते उडवायचं, जिथे अडला तिथे प्रश्नपत्रिकेवर टिंब देऊन पुढे, मग दुसरी फेरी टिंबांची. चुकलेल्याचे मार्क कापत नाहीत, त्यामुळे शेवटी एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

आठवड्याचं गणित असं ठेवा, रविवारी घड्याळ लावून एक पेपर, दोन्ही भाग, मध्ये सुट्टी. तपासायचा त्यानेच. आणि सोमवार ते शनिवार नवीन काही नाही, त्याच पेपरातले चुकलेले रोज ४-५, ते पण तो तुम्हाला शिकवणार. तुम्ही पोळ्या लाटताना ऐकलंत तरी चालेल. रडणं पण थांबेल बहुतेक, कारण तो पेपरला रडत नाहीये, रात्री लाल पेन येणारे म्हणून रडतोय.

प्रश्न : माझी मुलगी घरी पेपर सोडवते तेव्हा १५० पैकी १२०-१२५ पडतात. शाळेने सराव परीक्षा घेतली, अगदी खरी उत्तरपत्रिका देऊन, तर ७२ आले. टीचर म्हणतात घाबरली असेल. ती म्हणते मी घाबरले नव्हते, पेपर सोपा होता. मग खोटं कोण बोलतंय? (एक बाबा, इंदिरानगर)

उत्तर : कोणीच नाही. तिची उत्तरपत्रिका शाळेतून मागून घ्या आणि उत्तरसूची एक घर सरकवून तपासून बघा, म्हणजे २३ ची उत्तरं २२ ला, २४ ची २३ ला अशी. मला जवळजवळ खात्री आहे की कुठेतरी एक प्रश्न सोडलाय आणि पुढचं उत्तर त्याच्या गोळ्यात भरलंय, आणि तिथून पुढे सगळी वरात एक पाऊल मागे चाललीये.

हे मला कसं माहीत, तर माझ्या भाचीच्या बाबतीत हेच झालं आणि चूक माझी होती. तिला मी वर्षभर घरी शिकवलं, पुस्तकातच पर्यायावर टिक करायची, तोंडी उत्तरं द्यायची, हुशारच होती, मला वाटलं झालं. गोळे रंगवायचा कागद मी तिच्या हातात एकदाही दिला नाही. मी! जी शाळेत इतरांच्या पोरांना सांगायची. तिने एक प्रश्न "नंतर करू" म्हणून सोडला आणि पुढचा गोळा तिथेच भरला, आणि शेवटी एक गोळा उरला तेव्हा तिला कळलं. पेनने भरलेला गोळा खोडता येत नाही, व्हाईटनर चालत नाही. तशीच बसून राहिली म्हणे.

कोऱ्या उत्तरपत्रिकेच्या २०-२५ झेरॉक्स काढून आणा, दर रविवारचा पेपर त्याच्यावरच. बॉलपेन, निळं किंवा काळं, जेल पेन नको, पसरतं. गोळा पूर्ण भरायचा, टिक नाही फुली नाही. आणि एक सवय लावा, दर १० प्रश्नांनी थांबून प्रश्नाचा नंबर आणि गोळ्याचा नंबर जुळतोय ना बघायचं, म्हणजे १०, २०, ३० असं. गेलं तर १० जातील, ५० नाही. काही क्लासवाले सांगतात आधी सगळे प्रश्न सोडवा आणि शेवटच्या १० मिनिटांत गोळे भरा. मला हे अजिबात पटत नाही, १० वर्षांच्या मुलाला ७५ गोळे घाईत भरायला लावणं म्हणजे चुका मागून घेणं आहे.

जाता जाता, ज्यांची मुलं आठवीची देतायत त्यांच्यासाठी. तिथे कमाल २० टक्के प्रश्नांना २ पर्याय बरोबर असतात आणि दोन्ही गोळे भरले तरच मार्क मिळतात. प्रश्नातच तसं लिहिलेलं असतं, "दोन अचूक पर्याय निवडा". किती मुलं एक भरून पुढे जातात, विचारू नका.

प्रश्न : मॅडम, मी आजोबा. आमच्या वेळी स्कॉलरशिप चौथीला आणि सातवीला होती. मुलाच्या वेळीही तीच. नातवाच्या वेळी म्हणतात पाचवीला. आता सून म्हणते परत चौथीला झाली. नक्की काय ते सांगा, घरात पैज लागली आहे. (नाशिकरोड)

उत्तर : आजोबा, तुम्ही पण बरोबर आणि सूनबाई पण बरोबर, पैज बरोबरीत सोडा. पहिल्यापासून चौथी आणि सातवीच होती. २०१६-१७ पासून ती पाचवी आणि आठवीला नेली. आता शासनाने परत चौथी-सातवीचा निर्णय घेतलाय, २०२५-२६ हे मधलं वर्ष म्हणून त्या वर्षी चारही इयत्तांसाठी परीक्षा ठरवली आणि २०२६-२७ पासून फक्त चौथी आणि सातवी. म्हणजे आत्ता ज्यांची मुलं तिसरीत आहेत त्यांनी पाचवीची जाड पुस्तकं आणून ठेवू नका. परीक्षा घेणारे तेच, पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, फॉर्म शाळेमार्फत ऑनलाईन भरला जातो.

प्रश्न : आम्ही निफाड तालुक्यात राहतो, द्राक्षबाग आहे. मुलगी झेडपीच्या शाळेत पाचवीला, गुरुजी म्हणतात हिला नवोदयला बसवा आणि शिष्यवृत्तीलाही. क्लास २० किलोमीटरवर. जानेवारी-फेब्रुवारीत आमची काढणी चालू असते, घरात कोणाला बोलायला वेळ नसतो. आम्ही दोघं दहावीपर्यंत शिकलेलो. क्लासशिवाय होईल का, की उगाच पोरीला आशा लावायची? (एक शेतकरी)

उत्तर : भाऊ, होईल. आणि गुरुजी स्वतःहून म्हणतायत ना, मग अर्धं काम झालंच आहे, कारण मी बघितलंय की झेडपीच्या शाळेत एक गुरुजी मनावर घेतो तेव्हा त्या गावातून दरवर्षी पोरं लागतात, आणि त्यांची बदली झाली की बंद होतात. त्यांना धरून ठेवा.

नवोदय म्हणजे आपल्या जिल्ह्याचं ते दिंडोरी तालुक्यातलं खेडगावचं. सहावी ते बारावी, राहणं, जेवण, पुस्तकं सगळं सरकारी. नववीपासून काही मुलांना महिना ६०० रुपये विकास निधी असतो पण मुलींना तो माफ आहे. ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी असतात, त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण शाळेत झालेली पाहिजेत, आणि निदान एक तृतीयांश जागा मुलींसाठी. म्हणजे तुमची मुलगी दोन्हीकडून बसते. आणि ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते, पुढच्या वर्षी बघू असं नाही, म्हणून फॉर्मची तारीख चुकवू नका.

आता अभ्यास. दोन्ही परीक्षा एकत्र होतात का, तर बऱ्यापैकी होतात पण पूर्ण नाही. नवोदयचा पेपर २ तासांचा, ८० प्रश्न, १०० मार्क. त्यातले ४० मानसिक क्षमतेचे, आणि ते सगळे आकृत्यांचे, शब्द नाहीतच. वेगळी आकृती ओळखा, तंतोतंत तशीच शोधा, अर्धी आकृती पूर्ण करा, आरशातली प्रतिमा, कागदाची घडी घालून भोक पाडलं तर उघडल्यावर कसं दिसेल, असे १० प्रकार आणि प्रत्येकाचे ४ प्रश्न. बाकी २० अंकगणित आणि २० भाषा, भाषेत ४ उतारे. पेपर मराठीत मिळतो. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्तेत मात्र शब्द, अंक, नातेसंबंध, दिशा, कॅलेंडर सगळं येतं.

आकृत्यांसाठी तुम्हाला शिकवता यायची गरज नाही भाऊ. जुना कागद द्या, घडी घालू द्या, कात्रीने कोपरा कापू द्या आणि उघडायच्या आधी सांगू द्या कसं दिसेल. क्रेटला लावायचे कागद पडलेले असतातच की बागेत. आरशाचं पण तसंच, भिंतीवरचा आरसा काढून वहीच्या कडेला उभा धरायचा. घड्याळ आरशात ४ वाजून २० मिनिटं दिसतंय तर खरे किती, हा प्रश्न हमखास येतो शिष्यवृत्तीला, पोरं ११:६० मधून वजा करायला शिकतात (७:४० येतं), पण आधी दोन-चार दिवस खरं घड्याळ आरशासमोर धरून बघू द्या तिला, काट्यांचं, डिजिटल नाही.

गणिताचा तर तुमच्या घरात कारखाना आहे. ४ किलोचा क्रेट, इतके क्रेट, किलोला असा भाव, हमालीचे इतके गेले, हातात किती आले. शेकडा नफा-तोटा तिला तुमच्यापेक्षा कोण चांगलं शिकवणार? फक्त तोंडी विचारा आणि उत्तर चुकलं तर लगेच सांगू नका, कसं काढलं ते विचारा, वर सिडकोच्या ताईंना सांगितलंय तेच.

राहिलं वेळेचं. काढणीच्या दिवसांत कोणी तिच्याजवळ बसणार नाही हे धरूनच चाला, म्हणून जे बसून करायचं आहे ते डिसेंबरपर्यंत उरका. पुढे गुरुजींकडे रविवारचा एक पेपर आणि रोज शाळेतले जादा तास, बास. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरसूच्या परीक्षा परिषदेच्या वेबसाईटवर असतात, गुरुजी किंवा झेरॉक्सवाला काढून देईल, विकतच्या जाड पुस्तकांआधी त्या. आणि आशेचं म्हणाल तर ती तिला लागलेलीच असेल, तुम्ही लावा न लावा.

प्रश्न : मी सातपूरला कंपनीत कॅन्टीनचं काम करते, मिस्टर नाहीत. मुलगा मनपा शाळेत आठवीला. शाळेत सांगितलं एनएमएमएसला बसव. क्लासवाले ८ हजार सांगतात. ती परीक्षा काय आहे आणि ८ हजार घालावे का?

उत्तर : ताई, परीक्षेला नक्की बसवा, ८ हजार घालू नका.

ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे, नववी ते बारावी वर्षाला १२ हजार, म्हणजे ४ वर्षांत ४८ हजार. पाचवी-आठवीच्या शिष्यवृत्तीत मार्कांच्या यादीत वर यावं लागतं आणि घरची परिस्थिती बघत नाहीत, इथे मात्र घरचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत पाहिजे आणि मुलगा सरकारी, मनपा, झेडपी किंवा अनुदानित शाळेत पाहिजे, सातवीला ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातीला ५०). म्हणजे मोठ्या फीच्या शाळांतली मुलं इथे स्पर्धेत नसतातच, हे लक्षात घ्या.

दोन पेपर, दोन्ही ९० प्रश्न आणि ९० मिनिटं. मिनिटाला एक. पहिला बौद्धिक क्षमतेचा. दुसरा शाळेच्या विषयांचा, त्यात विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५ आणि गणित २०, सातवी-आठवीच्याच पुस्तकांवर. बघा ना, ९० पैकी ७० प्रश्न विज्ञान आणि इतिहास-भूगोल-नागरिकशास्त्राचे, आणि मुलं वर्षभर गणिताच्या क्लासला जातात. सातवीची पुस्तकं रद्दीत दिली असतील तर शेजारून मागून आणा, बालभारतीच्या साईटवर फुकट पण आहेत, आणि धड्याखालचे स्वाध्याय, चौकटीतली माहिती, नकाशे हे सगळं वाचून घ्या. तुम्हाला कामावरून आल्यावर शिकवायचं त्राण नसणार, तर त्याला सांगा रोज एका धड्यावर चार-चार पर्यायांचे १० प्रश्न तूच तयार कर आणि मला विचार. चुकीचे पर्याय बनवायला लागलं की धडा बरोबर डोक्यात बसतो, आणि तुमचं उत्तर चुकलं तर त्याला जो आनंद होतो तो वेगळाच.

कागदपत्रांचं मात्र आत्ताच करा कारण पोरं अभ्यासात नाही, तिथे अडकतात. उत्पन्नाचा दाखला सेतूतून काढायला टाका, मुलाच्या नावाचं बँक खातं आधारला जोडलेलं पाहिजे आणि आधार, शाळेचा दाखला, पासबुक तिन्हीकडे नावाचं स्पेलिंग एकच पाहिजे. निवड झाल्यावर पण दरवर्षी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं, ते विसरलं की त्या वर्षीचे पैसे गेले. आणि नववीला कोणी म्हटलं चांगल्या शाळेत घाला, तर विनाअनुदानित शाळेत घातल्यावर ही शिष्यवृत्ती बंद होते. दहावीला ६० टक्के पाहिजेत पुढची दोन वर्षं चालू राहायला (अनुसूचित जाती-जमातीला ५५). ते ८ हजार त्याच्या खात्यात टाका.

प्रश्न : शाळेत पॅट नावाची परीक्षा झाली, मुलीला गणितात फार कमी. तिसरीत आहे. पॅटचा क्लास असतो का? (गंगापूर रोड)

उत्तर : नसतो आणि देव करो न निघो. पॅट म्हणजे ती पायाभूत चाचणी आणि संकलित मूल्यमापन, भाषा, गणित, इंग्रजीची, राज्यभर एकच पेपर. तिने मुलीला पास-नापास करायचं नसतं, शिक्षकांनी बघायचं असतं की वर्ग कुठे अडलाय. तुम्ही बाईंकडे जा आणि मार्क नका विचारू, कुठल्या प्रकारची उदाहरणं गेली ते विचारा. तिसरीत बहुतेक वेळा हातच्याची वजाबाकी असते. सुट्टे पैसे घेऊन बसा, १०० ची नोट मोडून ३७ द्या. आणि पाचवी-आठवीच्या वार्षिक परीक्षेशी याची गल्लत करू नका, तिथे नापास झालं तर पुनर्परीक्षा असते आणि तीही गेली तर त्याच वर्गात बसावं लागतं. तुमची तिसरीत आहे, निवांत.

प्रश्न : मुलगा चाचणीच्या दिवशी सकाळी पोट दुखतं म्हणतो, दोनदा उलटी पण झाली. परीक्षा नसली की ठणठणीत. सासूबाई म्हणतात नाटकं. (पंचवटी)

उत्तर : नाटकं नाहीत, पोट खरंच दुखतं. एरवीही दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, पण परीक्षेच्याच दिवशी असेल तर ते भीतीचं पोट आहे.

मला वाटतं मुलं पेपरला घाबरत नाहीत, पेपरनंतरच्या चौकशीला घाबरतात. मी कितीतरी वर्षं केंद्रावर होते, शिष्यवृत्तीचे दोन पेपर एकाच दिवशी असतात आणि मध्ये सुट्टी. त्या सुट्टीत गेटवर जे चालतं ते एकदा लांब उभं राहून बघा. आई एका हाताने पोळीचा रोल भरवतेय, बाबांच्या हातात प्रश्नपत्रिका, "हा ४२ वा काय केलास? ३ नंबर? अरे २ आहे ना, काल तर घेतलं होतं!" पोराचा घास तोंडातच. आणि याच पोराने अर्ध्या तासात परत आत जाऊन १५० मार्कांचा पेपर द्यायचाय. पहिल्या पेपरची प्रश्नपत्रिका हातात घ्यायची नाही, घडी करून पर्समध्ये. संध्याकाळी पण नाही. अंतरिम उत्तरसूची परिषदेच्या साईटवर येतेच, तेव्हा बघा काय ते, आक्षेप असेल तर तेव्हा नोंदवता पण येतो.

आदल्या रविवारी केंद्र नुसतं बघून या, कुठलं गेट, बाथरूम कुठे. पोरांना बाथरूमची फार काळजी असते, बोलत नाहीत. येताना वडापाव खा. परीक्षेच्या दिवशी सकाळी रोजचंच खायला द्या, शक्ती यावी म्हणून बदाम-केळं-दूध असलं नवीन काही नको. आणि सासूबाईंना सांगा दहीसाखर त्यांच्याच हातची द्या, म्हणजे त्या पण कामाला लागतील आणि नाटकं म्हणायला वेळ राहणार नाही.

प्रश्न : शाळेतून दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या खासगी परीक्षेचा फॉर्म येतो, ऑलिम्पियाड, टॅलेंट सर्च. सगळे मित्र बसतात. बसवायचं का?

उत्तर : वर्षाला एक, मुलगा निवडेल ती. मेडल जवळजवळ सगळ्यांना मिळतं.

प्रश्न : शिष्यवृत्तीत २५० च्या वर मार्क पडले तर गियरची सायकल, असं मुलाला कबूल केलंय. आता तो रोज विचारतो २४८ पडले तर? बायको म्हणते तू चूक केलीस. (एक बाबा, देवळाली कॅम्प)

उत्तर : वहिनी बरोबर आहेत. २४८ चा प्रश्न त्याने विचारलाय म्हणजे पोराला गणित चांगलं येतं, पण आता तो रांगेतले दाणे नाही, सायकलचे मार्क मोजतोय. पाचवीला पात्र व्हायला प्रत्येक पेपरात ४० टक्के लागतात आणि शिष्यवृत्ती मिळायला गुणवत्ता यादीत यावं लागतं, ती यादी कुठे थांबेल हे दरवर्षी वेगळं, म्हणजे तुमचे २५० हे तुम्ही मनानेच ठरवलेत. त्याला आज संध्याकाळी सांगा की सायकल मिळणार आहे, मार्कांशी तिचा संबंध नाही, मी चुकून बोललो. फक्त दुकानात परीक्षा झाल्यावर जा. फेब्रुवारीत नवीन सायकल आणि लॅम रोडचा उतार, आणि गोळे भरायचा हात प्लास्टरमध्ये, असा एक विद्यार्थी माझा होता.